पद्मिनीचे ब्रेक आणि उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज

पप्पांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी कार सात वर्षं शेडात ताडपत्रीखाली उभी होती. बॅटरी नवी टाकली, कार्बोरेटर साफ केला, गाडी तिसऱ्या सेल्फला चालू पण झाली, पण ब्रेक दाबला की पाय डायरेक्ट पत्र्याला. तीन-चार पंप मारले की कुठंतरी लागायचा, तो पण चिखलात पाय घातल्यासारखा.

आधी घराजवळच्या एका गॅरेजला दाखवली (नाव घेत नाही), त्यांनी ब्रेकच्या पाईपातली हवा काढली, नवीन ब्रेक ऑईल भरलं, आठशे घेतले. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच. परत नेली, परत हवा काढली, परत चारशे. नुसती हवा काढायचीच तर मी पण काढली असती की, बायकोला पेडलवर बसवून.

मग मित्रानं कोल्हापुरातच शिवाजी उद्यमनगरात पाठवलं. गॅरेजला पाटीच नाही, मामा कुठं बसतात विचारलं की कोणीपण दाखवतंय. मामांनी पाना हातात घ्यायच्या आधी मला सीटवर बसवलं, म्हणाले पाव्हणं, पंप मारू नका, एकदाच दाबून धरा. धरला, तर पेडल सावकाश आपलं आपण खाली जायला लागलं, आणि बाहेर थेंब पण गळत नव्हता. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडं ऑईल ढकलणाऱ्या मुख्य पंपाचं, रबरी वायसर आतल्या आत ऑईल सोडतंय म्हणे. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढतं, गाडी उभी राहिली की बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) जिथं पिस्टन एरवी पोचत नाही तिथं गंज धरतो, आणि हवा काढताना आपण पेडल पार खालपर्यंत दाबतो तेव्हा वायसर त्या गंजावरून घासून फाटतं. म्हणजे दोनदा पैसे देऊन मीच ते फाडून घेतलं!

चारी चाकं ड्रमचीच, डिस्कचा विषय नाही. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचं रबर उचललं तर आतून कोऱ्या चहासारखं पाणी आलं, पिस्टन जाम. पुढच्यांना नुसतं नव्या रबरांचं किट पुरलं, पण मागच्या दोन्हींच्या बोअरला खड्डे, त्यात किट टाकून उपयोग नाही म्हणून शेजारच्याच लेथवर पितळी स्लीव्ह (आत बसणाऱ्या नळ्या) मारून आणल्या. मास्टर नवा. रबरी होज (ब्रेक ऑईलच्या नळ्या) बाहेरून चांगले दिसत होते तरी बदलायला लावले, कारण जुने होज दाबाला फुगतात आणि पेडल परत मऊच लागतं. मग आधी शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) अ‍ॅडजस्ट, चाक हातानं फिरवून जरासं घासेपर्यंत, आणि त्यानंतर हवा, मागच्या डाव्या चाकापासून, कारण मास्टरपासून सगळ्यात लांब तेच.

तक्रारी आहेतच. चार दिवस सांगून तेरा लावले, फोन उचलत नाहीत, बिल किटच्या खोक्यावर लिहून दिलं (७४०० सगळं मिळून) आणि मडगार्डवर ब्रेक ऑईल सांडून तळहाताएवढा कलर उडवला. त्यावर मामा काय म्हणाले, तर "होतंय हो". पैसे कमी केले नाहीत.

पण गेल्या रविवारी पन्हाळ्याला जाऊन आलो, उतरताना प्रत्येक वळणावर पेडल एकाच जागी लागत होतं, तरी पप्पा शेजारी बसून पायानं पत्रा दाबतच होते.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जावा, नंतर गल्लीत टेम्पो लागतात. आणि गाडी टो करूनच न्या, माझ्यासारखं हँडब्रेकवर जाऊ नका.