सोडून दिलेला बागेचा तुकडा, आठ महिन्यांनंतर: लिंबू बरं, रताळी उत्तम, लव्हाळ्याला उणे पाच

कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला आहे. त्यात 'अभिप्राय' म्हणून दोन ओळींची जागा सोडली आहे. दोन ओळींत माझं भागणार नाही, म्हणून हे.

नळ, कुंपण, अवजारांची सामाईक खोली हे सगळं भाड्याच्या बागेत असतं तसंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला दोन तुकड्यांत निवड होती. एक मोकळा, खणून ठेवलेला. दुसरा दोन वर्षं कुणी फिरकलेलं नाही असा, कमरेएवढ्या तणाचा, पण आत लिंबाचं झाड, पुदिना आणि 'काही वेल'. शिवाय अनामत निम्मी. मी लिंबू बघितलं, निम्मी अनामत बघितली आणि सही केली.

'साफ करून ताबा' असं करारात होतं. साफ म्हणजे ग्रास कटरने वरचं उडवलेलं! आठव्या दिवशी पुन्हा हिरवंगार. मी भांडले. उत्तर मिळालं, "जुनं तण काढलं होतं, हे नवीन आहे." महिन्याचं भाडं माफ करा म्हटलं, तर ते जमणार नाही, पण रोटाव्हेटर तासभर फुकट देतो म्हणाले. फुकट हा शब्द ऐकला की माझं डोकं चालत नाही.

आधी वेल उपटले. जमिनीवर दाट पसरलेले, फिकट जांभळी कर्ण्यासारखी फुलं. हरणखुरीच ही, अशी माझी खात्री. दोन ढीग झाले. मग रोटाव्हेटर फिरवला. पात्यात मधूनच काहीतरी नारिंगी चिरडलं जात होतं, तिकडे दुर्लक्ष केलं. संध्याकाळी माती रव्यासारखी. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

पंधरा दिवसांनी लव्हाळा आला.

वाफा हिरव्या केसांचा दिसत होता, दुसरी उपमा सुचत नाही. उपटला की देठ हातात येतो, तीन धारांचा, बोटांत फिरवला तर कडा जाणवतात. गाठ मात्र खाली राहते. त्या गाठी जमिनीत एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. माळ तोडली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र संसार मांडतो. म्हणजे फुकटच्या तासाभरात मी लव्हाळ्याची लागवड केली होती, तीही एकसारख्या अंतरावर. पुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, हा आपल्याला शाळेत नम्रतेचा धडा म्हणून शिकवला. नम्रता वगैरे काही नाही हो, खाली माल साठवलेला असतो.

काळा प्लॅस्टिक कागद अंथरला. भोकं पाडून सुईसारखा वर आला. कागदाचे पैसे गेले. उपटलेला लव्हाळा कंपोस्टच्या ढिगात टाकला होता, तोच ढीग नंतर कोथिंबिरीच्या वाफ्यात पसरला. त्याबद्दल जास्त बोलत नाही. पुठ्ठ्याचे दोन थर आणि वर वीतभर पालापाचोळा, हे बरं चाललं, पण सांध्यांतून निघालाच.

तिसऱ्या महिन्यात मी 'हा तुकडा घेऊ नका' असं लिहायच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारच्या तुकड्यातल्या काकू माझ्या वाळलेल्या ढिगाजवळ थांबल्या. ढिगाखालचे काही वेल मातीला टेकून पुन्हा फुटले होते.

"अगं, रताळ्याचे वेल का टाकलेस?"

"हरणखुरी आहे ना ती?"

"हरणखुरी पीळ घालत वर चढते. हे बिचारं जमिनीवर लोळतंय. फूल सारखं दिसणारच, एकाच कुळातली आहेत दोघं."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर मी रात्रभर जळले. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. त्या वेलांनी अख्खा मधला भाग झाकून त्याला दाबून ठेवलं होतं. म्हणजे दोन वर्षं फुकटात राखण करणारा गडी मी पहिल्याच आठवड्यात हाकलला.

त्या फुटलेल्या वेलांचे हातभर तुकडे करून पुन्हा लावले. वेल पसरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी खुरपं घेऊन बसले, कारण लव्हाळ्याची पानं वर येऊन काही आठवडे उलटले की खाली नव्या गाठी धरतात, त्याआधी काढला तर जुनी गाठ हळूहळू रिकामी होते. काढलेल्या गाठी पत्र्यावर उन्हात पार वाळवायच्या. पाण्यात बुडवून मरत नाहीत, करून पाहिलं. पहिल्या खेपेला हातभर जागेत 61 गाठी मोजल्या, परवा त्याच जागेत 9. (हो, मी मोजते.)

लिंबाचं थोडक्यात सांगते. दोन महिने मी ज्या जोमदार फांद्यांना खत घातलं, त्या कलमाच्या जोडाखालून, खुंटातून फुटलेल्या निघाल्या. लांब काटे, फळ शून्य. त्या बुडापासून काढल्यावर मूळ झाडाला आता कुठे फुलं दिसायला लागली आहेत. पुदिन्याला काही करावं लागत नाही, उलट आवरावं लागतं.

गेल्या आठवड्यात रताळी काढली. चार घमेली. त्यातल्या एकात लव्हाळ्याचं मूळ या बाजूने शिरून त्या बाजूने बाहेर आलेलं, विणायची सुई खुपसावी तसं. ते रताळं मी कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवलं. "हे साफ केलेल्या जमिनीतलं," म्हटलं. त्यांनी फोटो काढून घेतला, भाडं काही कमी केलं नाही.

अभिप्रायाच्या दोन ओळींत लिहिलं आहे: 'साफ करून दिला नव्हता. पुढचं वर्ष चालू ठेवते.' राहिलेली निम्मी अनामत आता भरा म्हणाले, तर मात्र पुन्हा जाऊन भांडणार आहे.