सीडीएन वापरून वर्ष झालं: फोटो पळाले, मी मात्र एकदा आपटलो

सीडीएन म्हणजे आपल्या साइटच्या प्रती जगभरच्या ठाण्यांवर (सर्व्हरांवर) ठेवून गिऱ्हाइकाला जवळच्या ठाण्यावरून देणारी सेवा. हाताने बांधलेल्या वह्या मी ऑनलाइन विकतो. दुकान एकट्याचं, सर्व्हरही एकच. एकेका वहीचे सहा-सात फोटो, आणि कागदाचा पोत दिसायला हवा म्हणून सगळे जडच. लांबच्या गिऱ्हाइकांची तक्रार ठरलेली: पान उघडेपर्यंत कंटाळा येतो. म्हणून सर्व्हर मोठा घेतला. माझ्याकडे साइट आणखी पळायला लागली, त्यांच्याकडे होती तशीच रखडत राहिली.

मग कागदावर हिशोब मांडला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. गिऱ्हाईक १०,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन एक खेप १०० मिलिसेकंदांची. टीसीपी जोडणीला, म्हणजे दोन संगणकांची गाठ पडायला, एक खेप, टीएलएस १.३ ला, म्हणजे ती गाठ सुरक्षित करायला, दुसरी, प्रत्यक्ष पान मागायला तिसरी. म्हणजे ३०० मिलिसेकंद नुसत्या वाटेत गेले, सर्व्हर कितीही तगडा असो. सीडीएनचं ठाणं ५०० किलोमीटरवर असेल तर त्याच तीन खेपा १५ मिलिसेकंदांत उरकतात. टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही सीडीएन कंपनी काढली, तेव्हापासून हा धंदा चालू आहे. मलाच उशिरा सुचलं.

जोडणी सोपी होती. डीएनएसमधली, म्हणजे साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी, नोंद बदलली, एका दुपारचं काम.

घोळ पुढे झाला, तोही माझाच. उत्साहाच्या भरात 'सगळं कॅश करा' असा नियम लावून टाकला. (कॅश म्हणजे साठवण, रोकड नव्हे, ती अजून यायची होती.) दुसऱ्या दिवशी एका बाईंचा मेल: "माझ्या बास्केटमध्ये चार वह्या कुठून आल्या? आणि वर नाव भलत्याच कुणाचं आहे!" पोटात गोळाच आला. एका गिऱ्हाइकाचं बास्केटचं पान ठाण्याने जपून ठेवलं होतं आणि पुढच्यांना तेच वाढत होतं. धावतपळत साठवण पुसली, ज्यांचं पान दिसलं त्यांची माफी मागितली. आता बास्केट आणि खात्याच्या पानांवर कॅश-कंट्रोल 'प्रायव्हेट, नो-स्टोअर', म्हणजे ती पानं कुठेच साठवायची नाहीत अशी सूचना. फोटोंना साठवणीत वर्षभराची मुदत, आणि फोटो बदलला की फाइलचं नावही बदलतो. त्यामुळे जुना फोटो कुठे अडकून बसत नाही.

खरी किंमत कळली ती सवलतीच्या दिवशी. मेल गेल्यावर सगळे एकदम आत घुसले. एरवी अशा वेळी सर्व्हर मान टाकायचा. यंदा फोटोंचा सगळा भार ठाण्यांनी उचलला आणि माझ्या सर्व्हरकडे फक्त ऑर्डरी आल्या. बँडविड्थचं, म्हणजे सर्व्हरवरून जाणाऱ्या डेटाचं, बिलही उतरलं.

नावडलेलं एकच. कुठली विनंती 'हिट' झाली (ठाण्यानेच भागवली), कुठली 'मिस' (माझ्या सर्व्हरपर्यंत आली), याच्या तपशीलवार नोंदी फक्त वरच्या प्लॅनमध्ये मिळतात. सुरुवातीला घोळ होतात तेव्हाच त्या लागतात, आणि तेव्हा कोणी वरचा प्लॅन घेतलेला नसतो! शिवाय मधला माणूस बसला की त्याचा आजार आपल्यालाही लागतो. ८ जून २०२१ ला फास्टली हे सीडीएन कोलमडलं तेव्हा मोठमोठ्या वृत्तपत्रांच्या साइटी बंद पडल्या होत्या. म्हणून डीएनएस परत थेट सर्व्हरकडे कसा वळवायचा, ते मी भिंतीवर लिहून चिकटवलंय.

साइटवरचा शोध मात्र अजून रखडतोच. ती क्वेरी, म्हणजे शोधाची विचारणा, माझ्याच डेटाबेसवर चालते, तिथे सीडीएन काय करणार? या आठवड्यात डेटाबेसला इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, लावायला बसलोय.