आठ महिन्यांनंतर पीएसपी-३०००: पटापोनचे तीन भाग, क्रेटॉसचे दोन आणि दादाचा जुना सेव्ह

फेब्रुवारीत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, माझ्या दहावीच्या वह्या, आणि सगळ्यात खाली आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला दादाचा पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं मशीन. ३००० मॉडेल, काळा. हे मॉडेल २००८ च्या ऑक्टोबरात आलं. दादाने पुढच्या वर्षी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून ते घेतलं, तेव्हा मी सातवीत होते. माझी पाळी यायची ती बॅटरीची शेवटची दांडी उरल्यावर. त्यामुळे एकही गेम मी शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. गेले आठ महिने रोज अर्धा-पाऊण तास खेळते आहे, आणि आता मशीनबद्दलही सांगता येईल, गेमबद्दलही.

आधी बॅटरीचं, कारण जुना पीएसपी घेणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच सुरुवात करावी लागणार. मागचं झाकण एका बाजूने उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. कितीतरी उन्हाळे ती पेटी टिनाच्या छताखाली होती, आणि नागपूरचा मे महिना बाहेर पंचेचाळीस अंश म्हणतो तेव्हा टिनाखाली काय होत असेल ते सांगायला नको. अशी बॅटरी दिसली तर चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. काढून बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बर्डीतल्या एका दुकानातून पहिली नवी बॅटरी आणली, तिच्यावर २४०० एमएएच छापलेलं होतं आणि ती दीड तास टिकली. दुसरीवर १२०० लिहिलेलं आहे, ३००० ची मूळ बॅटरी तेवढ्याचीच असते, आणि ती साडेतीन-चार तास आरामात चालते. छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नका. पहिल्या जाड मॉडेलची १८०० ची बॅटरी यात बसते, पण मग झाकण लागत नाही.

मूळ चार्जर हरवला असेल तरी अडत नाही. ३००० मिनी यूएसबी केबलवर चार्ज होतो, फक्त सेटिंगमध्ये यूएसबी चार्ज चालू करावं लागतं. हे मला तीन आठवडे माहीत नव्हतं.

पडदा ४.३ इंची, ४८० बाय २७२ पिक्सेलचा. फोनच्या सवयीने पहिल्या दिवशी चित्र खरखरीत वाटतं, दुसऱ्या दिवशी वाटत नाही. वेगाने सरकणाऱ्या चित्रात बारीक आडव्या रेघा दिसतात. ती या मॉडेलची जुनी खोड आहे, तुमचाच पडदा खराब निघाला असं समजू नका. यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या गेमची छोटी चकती, फिरताना येणारी घरघर मला आवडते. आईला आवडत नाही.

आता मुद्द्याचं. मेमरी स्टिक लावली, तारीख-वेळ भरली आणि सेव्ह डेटा उघडला, तर पटापोन या गेमचा सेव्ह, म्हणजे दादा जिथवर खेळला होता त्याची नोंद, तशीच होती. तारीख २०१० ची. दादा पुण्याला गेला त्याच्या आदल्या महिन्यातली.

ज्यांनी पटापोन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: एका डोळ्याच्या छोट्या काळ्या सैनिकांची टोळी आहे आणि तुम्ही त्यांचा देव आहात. बटणं दाबून तुम्ही ढोल वाजवता. चौकोन म्हणजे पाटा, गोल म्हणजे पोन, त्रिकोण म्हणजे चाका, फुली म्हणजे डोन. पाटा-पाटा-पाटा-पोन वाजवलं की टोळी पुढे चालते, पोन-पोन-पाटा-पोनला हल्ला करते, चाका-चाका-पाटा-पोनला ढाली धरते. चार ठोके तुमचे, मग चार ठोके त्यांचे. त्या वेळात ते तुमचेच बोल गात हुकूम पाळतात आणि तुम्ही हात आवरून बसायचं. चूक न करता फेऱ्या जुळत गेल्या की फीव्हर चढतो, टोळी नाचायला लागते आणि भाले दुप्पट जोराने जातात.

सातवीत मला हे जमायचं नाही, आणि का जमायचं नाही ते या वर्षी कळलं. पोळा जवळ आला की आमच्या गल्लीत संध्याकाळी डफड्याचा सराव सुरू होतो. मारबतीच्या मिरवणुकीत एक जण 'इडा पिडा, रोगराई' अशी हाक देतो आणि गर्दी 'घेऊन जा गे मारबत' म्हणून उत्तर देते. हाक देणारा त्या उत्तरावर कधी चढत नाही. मी नेमकं तेच करत होते, टोळी गात असतानाच पुढचा ढोल वाजवत होते. दादा तेव्हाही ओरडायचा, "अगं थांब ना, त्यांना बोलू दे!" ते मला आता ऐकू आलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा एका पूर्ण मोहिमेत फीव्हर तुटला नाही.

पहिला भाग २००७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आणि २००८ मध्ये बाकी जगात आला. त्याचं बळ त्याच्या तुटपुंजेपणात आहे. हुकूम मोजके, सैनिकांचे प्रकार सहा, आणि प्रत्येक नवा हुकूम एवढ्या उशिरा मिळतो की तो मिळेपर्यंत आधीचा बोटांत मुरलेला असतो. यात एक वाळवंट आहे. उन्हात सैनिक भाजून मरतात. तिथून पार व्हायचं तर फीव्हरमध्ये डोन-डोनडोन-डोनडोन वाजवून पाऊस पाडावा लागतो, आणि तो आडवा ताल बाकी सगळ्या सरळ तालांपेक्षा वेगळा आहे. मी तिथे पोचले ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, कूलरसमोर बसून. अकराव्या प्रयत्नात पडद्यावर पाऊस पडला तेव्हा मी उठून उभी राहिले.

त्याच्या उणिवाही सांगते. मोहीम चालू असताना गेम थांबवता येत नाही. दाराची बेल वाजली की स्विच वर सरकवून मशीनच झोपवायचं, आणि परत जागं केल्यावर ताल हमखास चुकतो. चांगले सैनिक घडवायला लागणारं सामान नशिबावर मिळतं, त्यामुळे त्याच त्या शिकारीच्या मोहिमा पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. एप्रिलचे दोन आठवडे माझे त्यातच गेले.

दुसरा भाग (जपानमध्ये २००८, बाकीकडे २००९) यातल्या दुसऱ्या तक्रारीची दखल घेतो. सैनिकांची वाढ आता झाडाच्या फांद्यांसारखी डोळ्यांसमोर मांडलेली असते. कशातून काय घडेल ते आधीच दिसतं. पक्ष्यांवर बसणारे, जादू करणारे आणि दगडी हातांचे असे तीन नवे प्रकार आले. मुखवटा घातलेला एक नायक आला, जो पडला तरी थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो आणि ताल नेमका लागला की आपली खास ताकद वापरतो. गोष्ट पहिल्याच्या शेवटापासूनच सुरू होते: टोळीने बांधलेलं जहाज समुद्रात फुटतं आणि सगळे अनोळखी किनाऱ्याला लागतात. पहिल्या भागाचा सेव्ह असेल तर हा भाग तो ओळखतो आणि तिथली काही कमाई हाती देतो. दादाच्या २०१० च्या सेव्हवरून मी यंदाच्या जुलैत दुसरा भाग सुरू केला. मधली पंधरा वर्षं त्या गेमला दिसलीच नाहीत.

गेम म्हणून दुसरा भाग सरस आहे, हे मी पूर्ण विचार करून म्हणते. ढोल तोच आहे, पहिल्याइतकाच नेमका, आणि भोवती वाढवलेली प्रत्येक गोष्ट त्या ढोलाच्या ताब्यात आहे. नायकाची ताकदसुद्धा तालाशिवाय मिळत नाही. फक्त वाळवंटासारखी अडवणूक यात मला सापडली नाही. दुसरा भाग खेळणाऱ्याला सांभाळून नेतो. ज्यांना एकच भाग घ्यायचा आहे त्यांनी दुसरा घ्यावा, पण त्याच्या यूएमडीच्या शोधात एक लक्षात ठेवा: अमेरिकेत तो चकतीवर निघालाच नव्हता. दुकानात मिळायचा त्या डब्यात डाउनलोडचा कोड असायचा, आणि तो आज काही कामाचा नाही. युरोपची चकती शोधा. पीएसपीच्या गेमना प्रदेशाचं कुलूप नाही, कुठलीही चालते.

तिसऱ्या भागाबद्दल (२०११) माझं दादाशी भांडण आहे. यात सैन्य नाही. एक महानायक, त्याच्या सोबत तिघे आणि निशाणवाला. गुहांमध्ये जायचं, पेट्या फोडायच्या, हत्यारं जमवायची, पातळी वाढवायची. फोनवर दादा म्हणाला, "अगं, चौघं मिळून खेळायला बनवलाय तो. तू एकटी खेळून राहिली म्हणून रटाळ वाटते." बरोबर असेल. पण माझी तक्रार एकटेपणाची नाही. पहिल्या दोन भागांत मोहीम हरले तर चूक माझ्या अंगठ्याची असायची, आणि पुढच्या खेपेला अंगठा सुधारायचा. तिसऱ्यात ताल बिनचूक ठेवूनही मी हरते, कारण तलवार दोन पातळ्या खाली असते. मग ढोल कशासाठी वाजवायचा? बावीस तास खेळून मी तो ठेवून दिला.

पटापोन टीव्हीला जोडून खेळायचा विचार असेल तर थांबा. ३००० ला टीव्हीची केबल लागते, पण गेमचं चित्र मधल्या चौकटीत येतं आणि भोवती काळी पट्टी राहते. शिवाय बहुतेक नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते दाखवतात, त्यात क्षणभर उशीर होतो. अर्ध्या सेकंदाला एक ठोका असलेल्या गेममध्ये तेवढा क्षण पुरेसा आहे. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा, थोडा फरक पडतो. फोनवर एम्युलेटर (पीएसपीची नक्कल करणारं ॲप) घेऊन ब्लूटूथ इअरफोन लावले तर त्याहून वाईट. तारेचा इअरफोन आणि पीएसपीचाच पडदा, यात मी अजून तरी ठोका चुकल्याचं खापर मशीनवर फोडलेलं नाही.

गॉड ऑफ वॉरचे, म्हणजे क्रेटॉस या योद्ध्याच्या गेमचे, पीएसपीवरचे दोन्ही भाग एकाच चमूने, रेडी ॲट डॉनने, केले: 'चेन्स ऑफ ऑलिंपस' २००८ ला, 'घोस्ट ऑफ स्पार्टा' २०१० ला. दोन वर्षांत तीच माणसं त्याच यंत्रावर काय शिकली ते पाहायचं असेल तर हे दोन लागोपाठ खेळा. मारामारीत, राक्षसांच्या आकारात, वाटांच्या मांडणीत दुसरा पुढे आहे. भाला-ढालीची जोडी तर मला क्रेटॉसच्या साखळीला बांधलेल्या पात्यांपेक्षा हातात बसली. पीएसपीला उजवी नब (अंगठ्याने दिशा द्यायची गोल कळ) नाही, म्हणून चुकवायला दोन्ही खांद्याची बटणं धरून डावी नब ढकलावी लागते. आठवडाभर बोटं अडखळतात, नंतर नाही.

आणि तरीही मनात राहिला तो पहिलाच. (शेवट फुटेल, नको असेल तर पुढचा परिच्छेद गाठा.) मेलेली मुलगी क्रेटॉसला भेटते आणि जग वाचवायचं तर तिला सोडावं लागतं. ती बिलगते. तिला दूर लोटायला गोल बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. आधी शत्रूंना ज्या बटणाने धरलं तेच बटण. मी मध्येच थांबले होते. दुसऱ्या भागात हरवलेल्या भावाचा शोध आहे आणि तो मी दादाच्या मशीनवर खेळत होते, म्हणजे माझं मन त्याच्याच बाजूने झुकायला हवं होतं. पण तिथलं दुःख समोर घडताना बघायला मिळतं, पहिल्यातलं स्वतःच्या हाताने करावं लागतं.

लोकोरोकोचे दोन भाग (२००६ आणि २००८) भाचीसाठी काढले. खांद्याच्या बटणांनी अख्खी जमीन तिरपी करायची आणि पिवळा गोळा घरंगळत न्यायचा, एवढंच. ती सहा वर्षांची आहे, वाचून दाखवावं लागलं नाही. दुसऱ्यात पोहणं आणि चावून धरणं आलं, गाणी अधिक आली, आणि तिला तो जास्त आवडतो. मला दोन्ही सारखेच वाटले.

प्रिन्स ऑफ पर्शियाचं मात्र उलटं झालं. दादाकडे पीएसपीवर फक्त 'रेव्हिलेशन्स' होता, म्हणजे २००४ च्या 'वॉरियर विदिन'चीच पीएसपी आवृत्ती. मी आधी तो खेळले. अंधार, रक्त, मागे लागलेला डहाका नावाचा राक्षस, जोरकस मारामारी. मला वाटलं, राजपुत्र असाच असतो. मग गणपतीत नागपुरातल्याच महाल भागात आत्तेभावाकडे गेले आणि त्याच्या पीएस टूवर २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' सुरू केला. सुरुवातच एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यात. हा राजपुत्र पोरसवदा, बढाईखोर, स्वतःची गोष्ट सांगता सांगता मेला की आपणच दुरुस्ती करतो, की छे, असं नव्हतं घडलं. लढाई इथे थोडी कंटाळवाणी आहे, तीच ती माणसं लाटेसारखी येत राहतात, आणि नंतरच्या 'वॉरियर विदिन'ने ती खरोखर सुधारली. पण त्या सुधारणेच्या नादात राजपुत्राचं हसू गेलं. क्रमाने खेळले असते तर हे मला बदल म्हणून दिसलं असतं. उलट्या क्रमाने खेळल्यामुळे तो माणूस आधी कोण होता हे मागून कळलं, आणि 'रेव्हिलेशन्स' मी आता वेगळ्या नजरेने पुन्हा सुरू केला आहे.

जुना पीएसपी घेणार असाल तर दुकानात उभं राहूनच चार गोष्टी पाहा: मागचं झाकण सपाट आहे का, नब सोडल्यावर मध्यावर येते का, यूएमडी घातल्यावर गेमचं चित्र दिसतं का, आणि चौकोनाचं बटण प्रत्येक दाबाला उत्तर देतं का. पटापोन खेळणाऱ्यांच्या मशीनचा चौकोन आधी दमतो. माझाही दमला होता, बटणाखालचं रबर बदलून घेतल्यावर ठीक झाला.

आणि मेमरी स्टिकवर भरवसा ठेवू नका. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा, पीएसपी नावाच्या फोल्डरमध्ये सेव्हडेटा आहे, तो अख्खा उचलून ठेवा. मी दोन ठिकाणी ठेवलाय. दादाला त्याच्या सेव्हचा फोटो पाठवला तेव्हा त्याने आधी आपल्या भालेवाल्यांची चौकशी केली, मग माझी.