मुलींच्या निरीक्षणगृहातलं काउन्सेलिंग : ५ पैकी ३ स्टार
गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलींना चौकशी होईपर्यंत ठेवतात ते हे घर, मी तिथे शिवण शिकवायला जाते, संस्थेचं नाव लिहीत नाही कारण मुली ओळखल्या जातील. काउन्सेलर मॅडम एकदम भारी, फाईल उघडून "काय केलंस गं" असं विचारतच नाहीत, आधी झोप लागते का, जेवलीस का, पाळी नीट येते का एवढंच, आणि मग पोरी आपोआप बोलायला लागतात. एकजण सारखी बाही खाली ओढून बसायची, हातावर ब्लेडचे वण, तिला कुणी ओरडलं नाही हे फार आवडलं. पण मॅडम आठवड्यातून दोनदाच, आणि खोली म्हणजे ऑफिसातलं पार्टिशन, पलीकडे शिपाई चहा पितोय, कोण मन मोकळं करणार सांगा?? २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येकीचा वेगळा केअर प्लॅन, म्हणजे तिची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा हवा, इथे केअरटेकरच सांगते सगळ्यांचा सेम टू सेम, कॉपी पेस्ट. घरी गेल्यावर फॉलोअप शून्य. म्हणून सुटताना मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून देते, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आत असताना रात्री कुणाला घाबरायला झालं तर केअरटेकरनेही तो लावून द्यायला काय हरकत आहे, पण फोन ऑफिसात कुलपात, आणि चावी साहेबांच्या घरी!