बेदाण्याच्या दिवसांत अंदाज कुणाचा धरावा: ॲपचा की कृषी हवामान पत्रिकेचा?

फेब्रुवारी सरता सरता सोलापुरात ऊन चढायला लागतं. पंढरपूर-कासेगाव पट्ट्यात द्राक्षं उतरवून बेदाण्यासाठी वाळवायच्या रॅकवर टाकायची घाई असते, मंगळवेढ्याकडं ज्वारीची काढणी चाललेली असते. नेमक्या याच दिवसांत उपसागरावरून दमट वारे आत आले आणि विदर्भापासून दक्षिणेकडं कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की दुपारनंतर विजा, वारा, कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथं अजून कुणी विसरलेलं नाही.

मी दोन्ही बघतो. एक मोबाईलवरचं ॲप, दुसरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी हवामान खात्याची कृषी हवामान सल्ला पत्रिका.

फवारणीला ॲपच बरं. वारा कितीला पडणार हे ते तासातासानं सांगतं, पत्रिकेत ते नसतं. शिवाय पत्रिकेचा तक्ता अख्ख्या जिल्ह्याला एकच. करमाळा आणि अक्कलकोट एकाच रकान्यात. ही तिची उणीव मान्यच करायला हवी.

बेदाण्याचं गणित मात्र निराळं. घड डिपिंगमधून, म्हणजे वाळवण्याआधीच्या द्रावणातून, काढून रॅकवर पसरले की साधारण पंधरवडा तो माल तिथंच. ओल लागली तर मणी काळे पडतात आणि सौद्यात दर कोसळतो. इथं ॲपची एक गोष्ट मला फार खटकली. सकाळी रविवारी पावसाची शक्यता ६० टक्के, रात्री तोच रविवार कोरडा, आणि सकाळचा आकडा पुसलेला. का बदलला, किती वेळा बदलला, काही कळत नाही. तोडणीच्या मजुरांच्या टोळीला हो म्हणायचं की थांबवायचं, हे अशा आकड्यावर कसं ठरवणार?

पत्रिकेवर तारीख असते. अंदाज पाच दिवसांचा, त्यामुळं शनिवार-रविवार मंगळवारच्याही पत्रिकेत येतात आणि शुक्रवारच्याही. दोन्ही शेजारी ठेवल्या की पाऊस वाढला, पुढं सरकला की गेलाच, ते दिसतं. बदलते तीही, पण तिचा बदल माझ्या हातात राहतो.

पुढच्या आठवड्यांचं म्हणाल, तर ॲप चौदा दिवसांची ऊन-ढगांची चित्रं दाखवतं. आठवड्यापलीकडं ठरावीक दिवसाचा पाऊस सांगणं कुणालाही अवघडच. माझा तरी त्या चित्रांवर भरवसा बसला नाही. हवामान खात्याचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज तारखांच्या फंदात पडत नाही. येणारा आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, पारा चढता की उतरता, एवढंच सांगतो. शेड आणि टोळी ठरवायला मला तेवढं पुरतं.

ज्यांची द्राक्षं ताजीच बाजारात जातात त्यांना कदाचित ॲप जास्त सोयीचं पडेल. बेदाणा करणार असाल तर माझ्या मते घड उतरवायच्या आधी शुक्रवारची पत्रिका बघाच. आणि विजांसाठी या दोन्हींवर विसंबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजेचा इशारा देतं. शेडवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते घालून द्या.