बीसीएम: नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा?

मुंबई नाक्याला सिग्नलवर उभा होतो. पाऊस थांबलेला, तरी वायपर आपोआप फिरायला लागले, सेंट्रल लॉक टकटक करू लागलं. गॅरेजवाला बघताक्षणी म्हणाला, "बीसीएम गेलाय." बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, वायपर, लॉक, दिवे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक. इतक्या सहज जात नाही हो तो! आधी बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट हवेत. मग फ्यूज, मग अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून आम्ही बीसीएमचा कनेक्टर उपसला, तर पिनांवर हिरवट थर. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं.

नवा बीसीएम महाग, पण वॉरंटीसह येतो. मात्र नुसता बसवून भागत नाही. गाडीच्या व्हीआयएनप्रमाणे (ओळख क्रमांकाप्रमाणे) कोडिंग, म्हणजे त्यात त्या गाडीची माहिती भरणं, लागतं, बऱ्याच गाड्यांत चाव्याही पुन्हा ओळखवाव्या लागतात. त्यामुळे पार्टच्या किमतीसोबत कोडिंगचे पैसेही आधीच विचारा.

दुरुस्तीत आतला सर्किट बोर्ड साफ करून रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) बदलतात, सुटलेले सोल्डरचे टाके पुन्हा मारतात. जुना डेटा तसाच राहतो, म्हणून सहसा कोडिंगची कटकट नाही. बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक जळून तुटले असतील तर मात्र नव्यालाच पैसे घाला. भंगारातला स्वस्त पडतो खरा, पण पार्ट नंबर तंतोतंत जुळायला हवा, शिवाय त्यात दुसऱ्याच गाडीची ओळख भरलेली असते. मी तरी घेणार नाही.

मी दुरुस्ती केली. रबर मात्र आधी बदललं.