खाऱ्या हवेत टिकणारे जॉइंट: ग्लूवाले क्रिम्प कनेक्टर आणि रॅचेट क्रिम्पर

दापोलीजवळ कर्द्याला आमची वाडी आहे आणि वाडीत पर्यटकांसाठी एक कॅम्पर ट्रेलर उभा असतो. बुकिंग असेल तसा तो केळशीला जातो, कधी दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरून गुहागरला. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रिज, सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. त्याचं वायरिंग आता मीच बघते, म्हणून ज्यांच्याकडे कॅरॅव्हॅन, फूड ट्रेलर किंवा साधी घरी बनवलेली कॅम्पर व्हॅन आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

घेतल्या त्या दोन वस्तू: आतून ग्लू असलेले हीट श्रिंक बट कनेक्टर, म्हणजे दोन वायरींची टोकं जोडणारी धातूची नळी आणि तिच्यावर गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची स्लीव्ह (लाल, निळे, पिवळे असा मिक्स डबा), आणि ती नळी वायरवर चेपणारी पक्कड, म्हणजे रॅचेट क्रिम्पर. क्रिम्पर हजार-बाराशेच्या आसपास पडला. कनेक्टरला पाचपैकी पाच, क्रिम्परला चार.

ट्रेलर बांधून आला तेव्हा सगळे जॉइंट पीळ मारून टेप गुंडाळलेले होते. घाटावर हे बरीच वर्षं चालूनही जाईल. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेलं वर्ष समुद्राचा वारा अंगावर असतो. मागच्या दिव्याचा एक जॉइंट उघडला तर टेपचा गोंद चिकट काळा झालेला, आत तांब्यावर हिरवी भुकटी. ती भुकटी साफ करून भागेल म्हणून वायर मागे सोलत गेले, तर टीचभर आतपर्यंत तार काळीच. बारीक तारांच्या फटींमधून खारं पाणी कोटिंगच्या आत चढत जातं. अशी तार कापून टाकण्यावाचून इलाज नाही, काळ्या तारेवर नवा जॉइंट धरत नाही.

घरच्या वायरिंगमध्ये इतकी काळजी का घ्यावी लागत नाही, हे एकदा आकड्यांत बघा. १०० वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट घेतं. १२ व्होल्टवर तेच आठ अँपिअरच्या वर जातं. समजा एका खराब जॉइंटचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आहे. घरात तिथे व्होल्टचे जेमतेम चार-पाच शंभरांश जातील, कुणाला कळणारही नाही. ट्रेलरमध्ये त्याच जॉइंटवर जवळपास पाऊण-एक व्होल्ट जातो आणि सहा-सात वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत, प्लायवूडच्या मागे, तयार होते. फ्रिजला कमी व्होल्टेज मिळालं की तो बॅटरी उतरली असं समजून बंद पडतो, आणि आपण बिचाऱ्या बॅटरीला दोष देत बसतो. बॅटरी बदलायच्या आधी फ्रिज चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन जॉइंटच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावा. आकडा दिसला की चोर सापडला.

आता कनेक्टर. लाल साधारण ०.५ ते १.५ स्क्वेअर एमएम वायरला, निळा १.५ ते २.५ ला, पिवळा ४ ते ६ ला. वायर आठेक मिलिमीटर सोलायची, एकही बारीक तार न तुटता. कनेक्टरच्या मधोमध खाच असते, तिथपर्यंत तार पोचली पाहिजे. मग क्रिम्परमध्ये धरून दाबायचं. रॅचेटची हीच खुबी आहे: दाब पूर्ण झाल्याशिवाय पक्कड उघडतच नाही, त्यामुळे हात दमलेला असो की नसो, पहिला आणि शेवटचा जॉइंट सारखाच बसतो. साध्या पकडीने चेपलेल्या जॉइंटबद्दल अशी खात्री देता येत नाही. वायर प्रत्येक बाजूने एकदा ओढून बघायची आणि मगच हीट गन, मधून सुरू करून टोकांकडे. स्लीव्ह आवळत जाते आणि शेवटी दोन्ही टोकांना ग्लूचा पारदर्शक मणी बाहेर येतो. तो मणी वायरभोवती पूर्ण फिरलेला दिसला की पाण्याची वाट बंद. लायटर वापरू नका. स्लीव्हवर काजळी धरते, एका बाजूने जळते आणि ग्लू सारखा पसरत नाही.

हर्णै बंदरावर बोटींचं वायरिंग करणारे एक काका आहेत, त्यांनी माझा पहिला जॉइंट हातात घेऊन मला परत दिला. म्हणाले, "खेच. निघाला तर इथेच निघू दे, कशेडी घाटात नको." तेव्हापासून प्रत्येक जॉइंट मी ओढल्याशिवाय स्लीव्हला गरम हवा लावत नाही.

सोल्डरबद्दल, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जॉइंटबद्दल, बरेच जण विचारतात. सोल्डर वाईट नाही, पण ते तारांमध्ये थोडं पुढे चढतं आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. ट्रेलर सतत हादरतो, आणि ताठ भाग जिथे संपतो नेमकी तिथेच वायर तुटते. ज्या स्लीव्हमध्ये सोल्डरची कडी आयती असते, गरम केली की वितळणारी, त्या मी अजिबात घेणार नाही. त्यात तार कुठे दाबलीच जात नाही. सलग वायरला मधेच चावून दुसरी वायर जोडणारे निळे प्लॅस्टिकचे चिमटेही नकोत. ते वायरचं कोटिंग फोडतात आणि खाऱ्या हवेला दार उघडून देतात.

आतल्या कोरड्या जागेसाठी मात्र वागो कंपनीचे २२१ लिव्हर कनेक्टर मला मनापासून आवडले. ११ मिलिमीटर सोला, लिव्हर उचला, घाला, दाबा. ४ स्क्वेअर एमएमपर्यंतची वायर बसते, बहुतारी वायरही चालते आणि पारदर्शक असल्यामुळे तार पूर्ण आत गेली का ते दिसतं. छतातले दिवे जोडायला आणि पुन्हा सोडवायला यापेक्षा सोपं काही नाही. पण ते पाणी अडवत नाहीत, त्यामुळे ट्रेलरच्या बाहेर किंवा खाली कुठेही नको.

क्रिम्परचा एक मार्क कापला तो त्याच्या जबड्यामुळे. माझ्या क्रिम्परबरोबर दोन जबडे आले, त्यातल्या एकाला टोकदार दात आहे. तो उघड्या थिंबलसाठी, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या, वर स्लीव्ह नसलेल्या धातूच्या टोपणासाठी. ग्लूच्या स्लीव्हवर वापरला तर स्लीव्ह फुटते आणि सगळी मेहनत पाण्यात. गुळगुळीत, अंडाकृती जबडाच लावायचा, हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. आणखी एक, स्वस्त डबा घेताना सोबत लोहचुंबक न्या. आतली नळी चुंबकाला चिकटली तर ती लोखंडाची आहे, इथे ती गंजणारच.

वायर घ्यायची तर कथील चढवलेल्या तांब्याची. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तेच कथील, तेच काम. दापोलीच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मला मिळाली नाही. बोटींचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा किंवा ऑनलाइन मागवा.

अर्थिंगला, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वाटेला, तितकंच जपा. उजवा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात, हे जवळजवळ नेहमी अर्थिंगचंच दुखणं असतं. गाडीची अर्थिंग टो-बॉलमधून (ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यातून) मिळेल अशा भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस आणि गंज दोन्ही असतात. ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या, आयएसओ १७२४ मानकाच्या सात पिनांच्या प्लगमध्ये तिसरी पिन, पांढरी वायर, अर्थिंगची. ती प्लगपासून ट्रेलरच्या चासीपर्यंत सलग आणा. चासीवर रिंग थिंबल बसवताना खालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून रंग किंवा ग्रीस लावून झाका.

मिक्स डब्यात पिवळे कनेक्टर फारच थोडे येतात आणि पंप, फ्रिजच्या लायनीला नेमके तेच लागतात. पिवळ्यांचं वेगळं पाकीट पहिल्याच ऑर्डरमध्ये घाला.